टोलेडोची जीप, विदर्भाची वाट

१९६० साली महिंद्रा अँड महिंद्राने एक जाहिरात काढली होती. विलीज जीप, मॉडेल सीजे-३बी. किंमत २०० रुपयांनी उतरली असून आता ती फक्त १२,४२१ रुपयांना मिळेल, असा मजकूर. दोनशे रुपये कमी झाले तर जाहिरात द्यावी, असे ते दिवस होते. आणि बारा हजार रुपये जवळ असले तरी नागपूरसारख्या शहरात खासगी माणूस जीप घ्यायला सहसा धजत नसे. कारण जीप म्हणजे सरकार, हे समीकरण पक्कं बसलेलं होतं.

नागपूर १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मग ते मुंबई राज्यात आलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे एखादी सरकारी जीप त्या काळात नागपुरातच उभी राहिली असती, तरी चार वर्षांत तिने तीन राज्यं पाहिली असती. खालच्या पातळीवर मात्र काही बदललं नाही. २ ऑक्टोबर १९५२ला समाजविकास कार्यक्रम सुरू झाला, गटविकास अधिकारी हा नवा साहेब जन्माला आला आणि ‘बीडीओची जीप’ गावोगाव पोचली. बंडी आणि रेंगीशिवाय चाक न पाहिलेल्या गावांत पहिलं मोटारीचं चाक बऱ्याचदा हेच असे. जंगल खातं, बांधकाम खातं, पाटबंधारे, पोलीस, सगळ्यांकडे तीच गाडी. धुरळा दिसला की गावातली अर्धी माणसं चावडीकडे आणि उरलेली अर्धी शेताकडे पांगत.

या सरकारी गाडीचा जन्मही सरकारी टेंडरमधूनच झाला, हे तसं शोभून दिसणारं आहे. १९४०च्या उन्हाळ्यात युरोपात जर्मन फौजा मुसंडी मारत होत्या आणि अमेरिकी लष्कराला चारही चाकं ओढणारी एक हलकी टेहळणी गाडी तातडीने हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा गेली. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा, ही अट वाचून बहुतेकांनी पत्र बाजूला ठेवलं. होकार आला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या बुडायला आलेल्या कंपनीचा. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने दोन-चार दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४०ला, मुदतीच्या आत, गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड छावणीत हजर केली.

गाडी उत्तम होती. कारखाना मात्र इवलासा. लष्कराने सरळ बँटमचे आराखडे ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला आणि बलाढ्य फोर्डला पाहू दिले. विलीजकडे डेल्मर रूस नावाचा मुख्य अभियंता होता. त्याला सगळे बार्नी म्हणत. त्याने घडवलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन स्पर्धकांपेक्षा कितीतरी दणकट होतं, पण गाडी वजनात बसेना. मग बोल्ट जिथे लांब होते तिथे कापले, पत्रे पातळ केले, शेवटी रंगाचा एक हातही कमी केला, असं सांगतात. विलीज पास झाली. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांहून जास्त आणि फोर्डने पावणेतीन लाखांच्या आसपास जीपा बनवल्या. बँटमच्या वाट्याला जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर आले. ‘जीप आम्ही निर्माण केली’ असं विलीजने जाहिरातीत म्हणू नये, असा निर्णय अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ साली दिला खरा, पण तोवर बाजार विलीजच्या हातात गेला होता.

भारताला या गाडीची ओळख युद्धानेच करून दिली. ब्रह्मदेश आघाडीसाठी हजारो अमेरिकी वाहनं आसाम-बंगालात उतरली आणि युद्ध संपल्यावर लिलावांतून, कधी धड तर कधी सुट्या भागांच्या ढिगात, देशभर पसरली. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच होता: १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाखांचा करार केला, त्यातल्या १५५ जीपा इथे पोचल्या आणि त्या लष्कराच्या कामाच्या नव्हत्या. मेनन पुढे संरक्षणमंत्री झाले.

जीपच्या आधी अमेरिकी मोटारवाले महाराष्ट्रात आलेच नव्हते, असं नाही. उलट ते फार लवकर आले होते. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ साली भारतात शाखा काढली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून गाड्या जोडून विकायला सुरुवात केली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना टाकला; शेव्हरोले गाड्या आणि ट्रक तिथून बाहेर पडत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना जुळणी पसंत नव्हती, त्यांना आख्खी गाडी इथे घडवायची होती. त्यांनी फोर्डकडे विचारणा केली, ती फसली. मग क्रायस्लरशी जमलं. ब्रिटिश सरकारने युद्धकाळात या बेताला काडीचीही मदत केली नाही, तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्यातून डॉज ट्रक आणि प्लिमथ गाड्या निघू लागल्या. १९४८ साली एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर अशी अमेरिकी नावं बेडफर्ड, लेलँड, अल्बियन या ब्रिटिश नावांच्या पंगतीला होती.

मग सरकारने एक साधा प्रश्न विचारला: तुम्ही गाडी बनवणार, की नुसती खोकी उघडून जोडणार? १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, टप्प्याटप्प्याने देशी उत्पादनाचा कार्यक्रम देईल त्यालाच इथे राहता येईल असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४च्या सुमारास गाशा गुंडाळला. शिवडीचा पंचवीस वर्षांचा उद्योग असा संपला. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. पण त्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. त्या धोरणामुळे मोठमोठ्या सेडान गाड्या गेल्या आणि अमेरिकेतली सर्वांत ओबडधोबड गाडी तेवढी मागे राहिली. नागपूरच्या रस्त्यांच्या दृष्टीने हा सौदा वाईट नव्हता.

तिला ठेवून घेणारे होते महिंद्रा बंधू. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ला महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. कैलासचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख होते. तिथे त्यांची गाठ बार्नी रूसशी पडली, आणि रस्ते नसलेल्या देशाला रस्ता न मागणारी गाडी हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९४९च्या जूनमध्ये मुंबईत माझगावला ७५ जीपांची पहिली तुकडी सुट्या भागांतून जोडायला घेतली. पाच वर्षांनी विलीजशी उत्पादनाचा करार झाला आणि एकेक भाग इथे बनू लागला.

करार झाला तेव्हा टोलेडोत विलीज ही स्वतंत्र कंपनी उरलीच नव्हती. १९५३ साली ती कैसरने घेतली. पुढे १९७०मध्ये अमेरिकन मोटर्सने, १९८७मध्ये क्रायस्लरने, मग डाइमलर, मग फियाट, आणि २०२१पासून स्टेलँटिस. तिकडे जीपला इतके मालक बदलावे लागले. इकडे एकच मालक आणि जवळजवळ एकच गाडी. १९५३ साली आलेली सीजे-३बी अमेरिकेत पंधरा वर्षांत बंद झाली. भारतात तिचा सांगाडा, थोडा लांबवून, थोडा रुंदावून, एकविसाव्या शतकापर्यंत चालत राहिला. तिचं बोनेट इतर जीपांपेक्षा उंच दिसतं. त्यामागे शोभेचा विचार अजिबात नव्हता. हरिकेन नावाच्या नव्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर आणि बाहेर सोडणारा बाजूला होता, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बोनेटला वर सरकावं लागलं.

नागपूर हे महामार्गांच्या चौफुलीचं गाव. जुना सहा नंबर आणि सात नंबर इथेच एकमेकांना छेदत. पण डांबर सोडून दोन मैल आत गेलं की काळी कन्हार माती लागते, आणि पावसाळ्यात तिच्यापुढे कुणाचंच चालत नाही. जीपचा पुढचा ॲक्सल जोडला, दुसरी दांडी ओढून ‘लो’मध्ये घातली, तरी चाकांच्या खाचा चिकट मातीने भरून गुळगुळीत होतात आणि चारही चाकं जागच्या जागी फिरू लागतात. जुने चालक म्हणूनच रपट्यावरून पाणी असताना जीप घालायला भीत नसत, पण ओल्या शेतात घालायला भीत. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, भंडारा-चांद्याच्या मुरमाड, वाळूच्या वाटांवर मात्र ही गाडी राज्य करी.

आणि त्या वाटांवर तिने जे केलं, ते फारसं अभिमानाने सांगण्यासारखं नाही. स्वातंत्र्यानंतरची पंधरा-वीस वर्षं मध्य भारत हा परदेशी शिकाऱ्यांचा आवडता प्रदेश होता. नागपुरात कार्यालयं असलेल्या शिकार कंपन्या अमेरिकी मासिकांत वाघाच्या शिकारीच्या जाहिराती देत. टेक्सासहून किंवा मिशिगनहून आलेला पाहुणा सोनेगावच्या विमानतळावर उतरे आणि त्याला जंगलात नेणारी गाडी त्याच्याच देशाच्या घराण्यातली असे. या कंपन्यांना निदान शिकार-ब्लॉक, परवाना, मोसम यांचे नियम होते. खरा संहार त्याबाहेरच्यांनी केला. रात्री जीपची काच पुढे पाडायची, बॅटरीला जोडलेला शोधदिवा फिरवायचा, डोळे चमकले की गोळी घालायची. यात चितळ, सांबर, नीलगाय काहीच सुटत नसे. वाहनातून मारणं नियमाला सोडून होतं, पण नियम पाळायला लावणारा रेंजर बहुधा सायकलवर असे. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, जंगलावरचा जुना धाक उठला, आणि हातात बंदूक नि दारात डिस्पोजलची जीप असलेल्या हौशी मंडळींना रान मोकळं झालं. युद्धोत्तर काळात भारतातलं वन्यजीवन का खालावलं याची कारणं देताना त्या काळच्या निसर्गअभ्यासकांनी जीपचं नाव आवर्जून घेतलं आहे.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ला व्याघ्र प्रकल्पात पहिल्याच यादीत मेळघाट आला. आता तीच जीप वनरक्षकांना घेऊन गस्तीला निघाली. पण जंगलातली तिची सद्दी फार टिकली नाही. १९८५च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली, हलकी, पेट्रोलवर चालणारी, आवाज न करणारी, आणि पाहता पाहता पर्यटकांच्या जंगलातून जीप हद्दपार झाली. आज ताडोब्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या कुठल्याही उघड्या गाडीला लोक जिप्सीच म्हणतात.

खासगी मालकांकडे जीप आली ती सरकारी लिलावातून. निरुपयोगी ठरलेल्या गाड्या खाती विकून टाकत आणि काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार, उमरेडचे मिरचीचे व्यापारी, तेंदूपत्त्याचे ठेकेदार त्या उचलत. या मालकांच्या आठवणींत कौतुक आणि वैताग सारख्याच प्रमाणात मिसळलेले आढळतात. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. डिस्पोजलच्या जुन्या जीपची टाकी भरायची तर आधी आसन उचला, मग झाकण काढा. तोवर पंपावरचा पोऱ्या बिडी विझवून लांब उभा. दारं नाहीत, त्यामुळे पावसात ताडपत्रीचं हुड आणि बाजूचे पडदे, आणि तरी उजवी मांडी भिजायचीच. स्टिअरिंगला इतका ‘प्ले’ की सरळ रस्त्यावरही चाक सतत डावी-उजवीकडे हलवत राहावं लागे. पाटे इतके कडक की मागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा मोजता येई.

उन्हाळा हा खरा परीक्षेचा काळ. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. अशा दुपारी तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि पंप ओढेनासा होई. भर रस्त्यात गाडी ठसकत थांबे. उपाय सगळ्यांना ठाऊक होता. पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं, झाडाखाली बसायचं, थोड्या वेळाने हँडल मारायचं. म्हणून जीपवाल्याच्या गाडीत पाण्याचा डबा आणि धोतराचा फाटका तुकडा या दोन वस्तू हत्यारांच्या पेटीइतक्याच महत्त्वाच्या होत्या. रेडिएटरमध्ये पाणी, पंपावर पाणी, आणि उरलं तर चालकाला.

पण ती अडली म्हणजे कुठेही दुरुस्त होई. तिच्यात लपवलेलं असं काही नव्हतंच. बोनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर, हात घालायला जागा, आणि पान्यांचा एक संच एवढ्यावर गाडी निम्मी सुटी करता येई. लष्कराला आघाडीवर नवशिक्या शिपायाकडून दुरुस्त होणारी गाडी हवी होती. तिचा फायदा तीस वर्षांनी तालुक्याच्या मिस्त्रीला झाला.

तिची भूक मात्र परवडेना. लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तरी मालक खूश असायचा. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोलचे भाव चढले आणि पेट्रोलची जीप दारात पांढऱ्या हत्तीसारखी उभी राहू लागली. इथे या गोष्टीत दुसरी अमेरिकी कंपनी शिरते, आणि ती नागपूरकरांना जीपपेक्षाही जवळची आहे.

शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर हे शेतीयंत्रांतलं जुनं धेंड. १९६३ साली तिने महिंद्रा आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. त्यांचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतकऱ्यांमध्ये ‘इंटरनॅशनल’ याच नावाने चालला. १९७७ साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. तिकडे अमेरिकेत हार्वेस्टर कर्जात बुडाली. १९८५ साली तिचा शेतीयंत्रांचा विभागच विकला गेला. इकडे त्या वंशाचे ट्रॅक्टर बनतच राहिले, आणि ते जिथे बनतात त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी. हिंगण्याच्या पाळीची भोंग्याची वेळ ज्यांच्या घरात पाठ आहे अशी कित्येक कुटुंबं शहराच्या पश्चिम भागात आहेत.

महिंद्राने सत्तरच्या दशकात याच ट्रॅक्टर घराण्याचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. सीजे-५००डी हे तिचं नाव. ही गाडी धावण्यापेक्षा नांगरण्याच्या थाटात चाले. आवाजाने बाजूच्या माणसाशी बोलता येत नसे, आणि वेग म्हणाल तर मागून एसटी हॉर्न वाजवत निघून जाई. पण डिझेल स्वस्त होतं आणि मिस्त्री घरचाच होता. शेतात ‘इंटरनॅशनल’ आणि अंगणात जीप, दोघांना भाग एकाच दुकानातून. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी कंपनीची वाट पाहिली नाही. कुणी ट्रॅक्टरचं इंजिन चढवलं, कुणी मॅटाडोर टेम्पोचं जर्मन घराण्याचं. पाया बदलला, गिअर पेटीची मोहरी जुळवली, समोरचे पाटे वाढवले. पुढे प्युजोच्या परवान्याने इगतपुरीला बनलेलं फ्रेंच डिझेल इंजिन आलं, १९८५ साली एमएम-५४० आली, आणि तिचं इंजिनही लवकरच जुन्या सांगाड्यांत दिसू लागलं. अमेरिकी चासीवर जर्मन किंवा फ्रेंच घराण्याचं इंजिन, लाकडी फळ्यांची आसनं, ताडपत्री अमुक टेलरने शिवलेली. अशा गाडीला कोणत्या देशाची म्हणायचं, हा प्रश्न आरटीओशिवाय कुणालाच पडला नाही.

नव्वदच्या दशकात जीप लांब झाली आणि सार्वजनिक झाली. कमांडर, मार्शल या लांबड्या महिंद्रा गाड्या काळा-पिवळा रंग लावून विदर्भभर धावू लागल्या. महाराष्ट्रात टप्पा वाहतुकीचा हक्क एसटीचा. सरकारी भाषेत ही ‘अवैध प्रवासी वाहतूक’. पण जिथे एसटी दिवसातून दोनदा यायची तिथे काळी-पिवळी भरली की निघायची, आणि भरली याची व्याख्या चालक ठरवायचा. परवाना नऊ अधिक एकचा, आत पंधरा, मागच्या फळीवर चार, टपावर संत्र्यांच्या पेट्या. बुटीबोरीला कामाला जाणारे, उमरेडच्या बाजाराला निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, सगळी त्यात. अपघात झाले की बातम्या येत, आठवडाभर कारवाई होई, मग पुन्हा तेच. वाईट बोलायला सोपं, पण ग्रामीण विदर्भातल्या मुलींच्या एका पिढीचं शिक्षण या गाड्यांच्या मागच्या आडव्या बाकावर बसून झालं आहे.

या काळात अमेरिकी कंपन्या परत आल्या होत्या. १९९५ साली महिंद्रा आणि फोर्ड एकत्र आले आणि दुसऱ्या वर्षी नाशिकमधून एस्कॉर्ट गाडी निघाली. मग फोर्ड वेगळी होऊन चेन्नईला स्थिरावली. जनरल मोटर्सने २००८ साली पुण्याजवळ तळेगावला मोठा कारखाना काढला. शिवडीनंतर अर्धशतकाने महाराष्ट्रात पुन्हा शेव्हरोले. नागपुरात तिची टवेरा टूरवाल्यांची लाडकी झाली, बीट आणि स्पार्क बँकेच्या कर्जावर मध्यमवर्गाच्या दारात आल्या. मे २०१७मध्ये जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. तळेगावात निर्यातीसाठी २०२०च्या अखेरीपर्यंत काम चाललं, मग तेही थांबलं. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार बारगळला, शेवटी कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डनेही ९ सप्टेंबर २०२१ला भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग आणि सेवा मिळत राहतील असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं होतं, पण शोरूमवरचा फलक उतरला की गाडीची फेरविक्रीची किंमत त्याच महिन्यात घसरते, हे मालकांना वेगळं सांगावं लागलं नाही. टवेरावाले त्यातल्या त्यात सुटले. ती मूळची इसुझू घराण्याची, डिझेल इंजिन साधं, मिस्त्रीच्या ओळखीचं. संगणकावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या मालकांना ती सोय नव्हती.

जीप या नावानेही अमेरिकी कंपनी २०१६ साली भारतात दाखल झाली. रांजणगावला बनलेली कंपास ३१ जुलै २०१७ला १४ लाख ९५ हजारांपासून विक्रीला आली आणि तिथून उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या कंपास ब्रिटन-ऑस्ट्रेलियालाही गेल्या. दुसऱ्या वर्षी गंमत झाली. महिंद्राने अमेरिकेत, तेही मिशिगनच्या ऑबर्न हिल्समध्ये, जीपवाल्यांच्या मुख्यालयाच्या शेजारी, रॉक्सर नावाची शेतावर वापरायची गाडी विकायला काढली. मूळ बांधा सीजेचाच. जीपच्या मालकांनी दावा लावला: ही आमच्या गाडीची नक्कल आहे. टोलेडोने स्वतः विकलेल्या परवान्यातून वाढलेलं लेकरू सत्तर वर्षांनी माहेरी गेलं आणि दारातच अडवलं गेलं. २०२० साली निकाल महिंद्राच्या विरुद्ध लागला. समोरचा चेहरा बदलल्यावर वर्षाअखेर रॉक्सरला परवानगी मिळाली.

मूळ काय आणि बदललेलं काय, असाच एक प्रश्न नागपूरच्या जुन्या जीपवाल्यांपुढे आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. मार्च २०२१मध्ये जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण संसदेत मांडलं, ते मांडणारे मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. खासगी गाडीला वीस वर्षांनंतर तंदुरुस्तीची स्वयंचलित चाचणी, असं त्याचं सूत्र. त्याच वर्षी जुलैत व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी या वर्गात नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं.

पण अट अशी, की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९६०ची सीजे-३बी विदर्भात टिकली तीच मुळी इंजिन बदलून. ज्यांनी बदललं नाही त्यांच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या. त्यामुळे आता काही मालक हरिकेनचं मूळ पेट्रोल इंजिन शोधत फिरतात, जे त्यांच्या वडिलांनी किलोच्या भावाने विकून टाकलं होतं. ते सापडलं, बसलं आणि नोंदणी झाली, तरी व्हिंटेज क्रमांकाची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा मोजक्या कामांसाठीच ती फाटकाबाहेर येऊ शकते. संत्र्याच्या पेट्या लादून कळमन्याच्या बाजाराला न्यायची परवानगी त्यात नाही.